भुलीची बाई

भोरमध्ये आमच्या शेजारच्या काकू मला अजूनही विचारतात, "मैथिली, तू पूर्ण डॉक्टर कधी होणार गं?" एमबीबीएस झालं, त्यावर भूलशास्त्रात एमडी झालं, त्यावर मेंदूच्या ऑपरेशनांना द्यायच्या भुलीचं वेगळं शिक्षण झालं, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी काकूंच्या लेखी मी अर्धवटच. कारण मी ऑपरेशन करत नाही, मी नुसती "सुई देते". सुई दिली की माझं काम संपतं आणि मी बाहेर जाऊन चहा पीत बसते, असा सगळ्या तालुक्याचा समज आहे. पेढे सर्जनला मिळतात. आंबेमोहोराची पिशवी सर्जनला मिळते. पेशंट मला ओळखतसुद्धा नाही, कारण आमचा सहवास होतो तेव्हा तो झोपलेला असतो. या गोष्टीचा मला पूर्वी राग यायचा असं लिहून मोठेपणा घेता आला असता, पण राग अजून येतो.

किकवीच्या अलीकडे हायवेला एक नवं हॉस्पिटल झालंय, तिथे मी काम करते. विराज नावाचा मेंदूचा सर्जन पुण्याहून येतो आणि त्याच्या पेशंटांना भूल मी देते. विराजचा हात सुरेख आहे. तोंड मात्र घाईचं. तो कोथरूडमध्ये वाढला, त्यामुळे तांदूळ दुकानात तयार होतो अशीच त्याची साधारण कल्पना आहे. माणूस चांगला आहे, आमचं भांडण रोज होतं आणि रोज मिटतं.

त्या आठवड्यात आमच्याकडे हिर्डोशीचे चिमाजी आले. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला टापशी. बरोबर बायको धोंडाबाई आणि किकवीला दिलेली मुलगी मंगल. चिमाजींना वर्षभर फिट येत होती. आपल्याकडे फिट आली की माणसाच्या नाकाला चप्पल लावतात, नाहीतर फोडलेला कांदा. फिट तिच्या वेळेला आपोआप थांबते आणि मान चपलेला मिळतो. मंगल हे सांगत होती तेव्हा मला त्या चपलेचा हेवाच वाटला.

फिटचं त्यांनी वर्षभर निभावून नेलं. पण मग चिमाजींचे शब्द अडकायला लागले, तेव्हा मात्र घर हादरलं. कारण चिमाजी म्हणजे बोलणारा माणूस. पावसात वरंधा घाटात गाडी बंद पडली की लोक चालत त्यांच्या ओट्यावर यायचे, चहा प्यायचे आणि गाडी दुरुस्त झाली तरी उठायचे नाहीत, असं त्यांचं बोलणं. तो माणूस विळ्याला "त्ये ह्ये" म्हणायला लागला, म्हशीला "ती आपली" म्हणायला लागला आणि मग चिडून गप्पच बसायला लागला.

"आप्पा बोलंनात, तवापास्नं घरात करमतच न्हाई," मंगल म्हणाली.

मेंदूच्या फोटोत दिसलं ते असं. डाव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला धरून, लिंबाएवढी गाठ. कॅन्सरची नव्हती. पण ती नेमकी बोलण्याच्या भागाला रेटत होती. ठेवली तर आधी वाचा जाणार आणि मग जीव. काढली तर बहुतेक सगळं ठीक होणार, पण काढताना त्या भागाला धक्का लागला तर वाचा त्या दिवशीच जाणार. विराजने हे सगळं एका दमात सांगून टाकलं. चिमाजींनी मान हलवली, करा म्हणाले. धोंडाबाई मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिल्या. आणि त्या हो म्हणाल्याशिवाय चिमाजी जागचे हलणार नाहीत, हे मला त्यांच्याकडे पाहूनच कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेशंटला तपासायला गेले. छाती पाहिली, तोंड उघडायला लावलं, दात हलतात का बघितले. निघणार तेवढ्यात धोंडाबाई म्हणाल्या, "बाई, त्यो ग्यास तुमी देनार का?"

"हो मावशी, मीच."

"त्यानं मेंदू बंद पडतो म्हनं."

"बंद नाही पडत. काम कमी करतो."

"आन पुन्यांदा चालूच न्हाई झाला तर? आमचं मळनीचं मशिन सा म्हैनं पडून व्हतं, त्ये चालूच न्हाई झालं. भंगारात द्यावं लागलं."

माझं तर काळीज सुपाएवढं झालं. इतक्या वर्षांत कुणीतरी चाकूबद्दल न विचारता गॅसबद्दल विचारलं होतं. मी स्टूल ओढून बसले. बाहेर तीन पेशंट थांबले होते, ते थांबले.

"मावशी, तुमची भाताची खाचरं आहेत ना?"

"हायती की. उतारावर, येकाखाली येक."

"मेंदूचं तसंच असतं. जिथं काम जास्त, तिथं रक्त जास्त. आपण बोललो की बोलायच्या भागाला जास्त रक्त जातं, बघायला लागलो की बघायच्या भागाला. पोटरीवर आलेल्या भाताला जसं पाणी जास्त लागतं."

"व्हय."

"भूल दिली की सगळ्या मेंदूचं काम निम्म्यावर येतं. मग रक्तही निम्मंच लागायला पाहिजे."

"पिकल्या भाताला कशाला पानी लागतंय?"

"तेच तर. पण हा गॅस एक खोडी करतो. तो रक्ताच्या नळ्या सैल करतो. म्हणजे पीक पाणी मागत नाही, तरी वरचा बांध कुणीतरी फोडून ठेवलाय असं होतं. गॅस थोडा असला तर फारसं काही नाही. जास्त झाला की लोंढा."

धोंडाबाईंचा पदराशी चाललेला चाळा थांबला. "मंग खालचं खाचर भरंल की."

"भरतंच. आणि मेंदूच्या खाचराचा बांध म्हणजे ही कवटी. ती फुगत नाही, फुटत नाही. त्यात काकांच्या खाचरात आधीच एवढा दगड येऊन बसलाय."

"मंग भात आडवा व्हनार."

"म्हणून तीन गोष्टी करायच्या. गॅस बेतानं द्यायचा. श्वास मशिननं जरा जास्त द्यायचा, म्हणजे नळ्या आवळून येतात. आणि डोकं उंच ठेवायचं, म्हणजे आलेलं रक्त उतारानं खाली निघून जातं."

चिमाजी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. मग धोंडाबाईंनी विचारलं, "आन त्ये पानी बघाया तितं कोन बसनार?"

"मी."

"सुई दिऊन जानार न्हाई?"

"नाही हो! कोण सांगतं तुम्हाला हे?"

"सगळीच सांगत्यात. मंग सगळा येळ तुमी तितंच?"

"सगळा वेळ. विराज डॉक्टर मेंदू बघतात, मी माणूस बघते." हे वाक्य मी बरीच वर्षं तयार ठेवलं होतं. कुणी विचारतच नव्हतं.

धोंडाबाईंनी चिमाजींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग करू या." त्यांनी असं म्हटल्यावर चिमाजींनी सोडलेला सुस्कारा सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला असेल. मी हवेत तरंगत खाली आले आणि विराजला म्हटलं, बघ, तुला जे काल जमलं नाही ते मी भाताच्या खाचरात बसून करून आले. तो म्हणाला, "कुठे बसून?"

माझं हे तरंगणं दुपारपर्यंत टिकलं. जेवणाचा डबा उघडला आणि वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. चिमाजींना ओकारी झाली होती, डोकं ठणकत होतं, हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. मी डबा तसाच टाकून पळाले. मेंदूवरचा दाब वाढला की हे असंच सुरू होतं आणि ते लवकर थांबवलं नाही तर उद्याच्या ऑपरेशनची गरजच उरत नाही.

वॉर्डात पाहते तर पलंगावर चिमाजींच्या तोंडाऐवजी पाय. दोन पाय, पलंगाच्या उंच केलेल्या टोकावर, ऐटीत. सकाळी मी स्वतः पलंगाचं डोक्याकडचं टोक वर करून दिलं होतं, त्या टोकावर आता त्यांचे पाय होते आणि डोकं खाली, दुसऱ्या टोकाला. डोक्याखाली दोन उशा कोंबलेल्या, त्यामुळे मान पुढे दुमडलेली. आणि मंगल त्यांच्या नाकाला चप्पल लावून उभी होती.

"हे कुणी केलं?" मी ओरडले. मला हळू ओरडता येत नाही.

उत्तराची वाट न बघता आम्ही तिघीचौघींनी त्यांना उचललं, सरळ फिरवलं, डोकं वर, मान सरळ. मेंदूचं पाणी ओढून घेणारी सलाईन जोरात सुरू केली. नाकाला ऑक्सिजन लावला, चप्पल बाजूला केली. मग त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. त्या वेळी मी काही विनोद केले नाहीत. सिस्टर दर थोड्या वेळाने बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या बघत होती. शेवटी एकदाचे चिमाजींनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "च्या."

चहा मिळाला नाही, पण माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर राग वर आला.

"मावशी! सकाळी मी काय सांगितलं होतं? डोकं उंच ठेवायचं म्हणून सांगितलं होतं ना?"

"ठिवलं व्हतं की," धोंडाबाई रडवेल्या झाल्या. "दोन उश्या दिल्या व्हत्या. ह्या बाजूच्या बाईची बी मागून घेतली."

"अहो पण माणूस उलटा का केला?"

धोंडाबाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. दुपारचं ऊन आत आलं होतं. "ऊन ह्यांच्या उजव्या अंगावर आलं. तवा माझ्या ध्यानात आलं, डोस्कं उत्तरंला हाय. दक्षिनंला पाय. मेल्या मानसाला तसं ठिवत्यात, बाई. सकाळपास्नं मी ह्यास्नी तसंच निजवलं व्हतं, आन मला कळलंच न्हाई." आणि मग त्यांना रडू फुटलं.

आमच्या घरीही उत्तरेकडे डोकं करून कुणी झोपत नाही. आई अंथरूण टाकताना आजही दिशा बघते. मला बोलायला जागा नव्हती, म्हणून मी आणखी मोठ्यांदा बोलले.

"मावशी, पलंगाला चाकं आहेत! माणूस नाही फिरवायचा, पलंग फिरवायचा!"

समोरच्या खाटेवरचा पाय मोडलेला पेशंट खो खो हसायला लागला. मग सगळाच वॉर्ड हसला. आम्ही पलंग फिरवला. चिमाजींचं डोकं दक्षिणेला गेलं, उंचच्या उंच राहिलं आणि विज्ञान व धर्म दोघांचंही समाधान झालं. पण धोंडाबाईंचं झालं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आन उद्या? तितं आत नेल्यावर डोस्कं कुनीकडं आसनार?"

या ऑपरेशन थिएटरात मी इतके दिवस काम करतेय, पण कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे ते मला सांगता आलं नाही. पूर्वेला, असं ठोकून देता आलं असतं. आत येऊन कोण बघणार होतं? पण सकाळीच त्या बाईला मी खाचराच्या बांधावर बसवून सगळं खरं सांगितलं होतं. मी उठले, थिएटरात गेले, मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. टेबलाचं डोकं चोख उत्तरेला. माझं भुलीचं मशिन, भिंतीतून येणाऱ्या ऑक्सिजनच्या नळ्या, सगळं उत्तरेच्या भिंतीला.

परत येऊन सांगितलं, "उत्तरेलाच आहे."

"मंग न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने. "आमी घरी जातो. आजचं इपरीत बघितलं म्या. आपल्या हातानं ह्यास्नी तसं न्हाई निजवायची."

"आणि बोलणं गेलं तर?"

"जाऊ दे. मी बोलंन दोगांचं."

मंगल आईचा दंड धरून रडायला लागली. चिमाजी काहीतरी म्हणायला बघत होते, पण शब्द येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. ते मला बघवेना. मी म्हटलं, "कुठेही जाऊ नका. उद्या डोकं दक्षिणेला असेल. माझा शब्द."

विराजला फोन केला तेव्हा तो गाडी चालवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैथिली, तू पण?"

"दिशेने काही होत नाही, मला माहीत आहे. पण त्या आज जीप करून हिर्डोशीला गेल्या, तर त्याने होईल. आणि मेंदूच्या ऑपरेशनला टेबल आपण फिरवतोच. रोज पाव फिरवतो, उद्या अर्धं फिरवू."

"अगं, मग डोकं तुझ्या मशिनपासून थेट दुसऱ्या टोकाला जाईल. तू पायाशी. श्वासाची नळी तेवढी लांब लावावी लागेल, सलायनी लांबवाव्या लागतील. काही निसटलं तर तुला पोचायला वेळ लागेल."

"त्रास मला आहे ना? तुला तर ऐसपैस जागा मिळेल."

"बरं बाई," तो म्हणाला. मला बाई म्हटलं की समजावं, तो हरला.

सकाळी चिमाजींना आत घेतलं. झोपवताना त्यांनी माझा हात धरला आणि खूप प्रयत्नाने एकच शब्द काढला, "बोलनं." मी म्हटलं, "हो काका. त्यासाठीच चाललंय सगळं." शिरेतून औषध दिलं, ते झोपले. नळी घातली, दोनदा चिकटवली, तिसऱ्यांदा बांधली. मग टेबल अर्धं फिरवलं. मी त्यांच्या पायाशी, माझ्यापासून त्यांच्या तोंडापर्यंत लांबच लांब नळी, मध्ये विराज आणि त्याची माणसं. डोकं उंच. समोर पडद्यावर नाडी, रक्तदाब आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. तो आकडा म्हणजे माझा खरा दोस्त. तो वाढला की मेंदूच्या नळ्या सैल पडतात, उतरला की आवळतात.

डोकं हलू नये म्हणून कवटीला खिळ्यांचा चिमटा लावतात. त्याची कळ झोपेतही पोचते, रक्तदाब उसळतो. म्हणून त्या वेळेपुरता मी गॅस वाढवला. वाढवावाच लागतो. विराजने कातडी उघडली, हाडाची खिडकी काढली. आणि मग त्याचे हात थांबले.

"मैथिली, घट्ट आहे. मेंदू वर येतोय. असं असताना आवरण उघडलं तर बोलायचा भाग हाडाच्या कडेवर दाबला जाईल."

वाढवलेल्या गॅसचा लोंढा अजून ओसरला नव्हता, वरचा बांध फुटला होता. मी गॅसची कळ फिरवली आणि पूर्ण बंद केली. त्याच्या जागी शिरेतून भुलीचं औषध सुरू केलं. हे औषध मेंदूचं काम कमी करतं आणि रक्तही त्याच मापात कमी करतं, गॅससारखी खोडी करत नाही. मशिनवर श्वास थोडे वाढवले. मग टेबलाखालून वाकून पार पलीकडे गेले, चादरीत डोकं घालून मान बघितली. वळलेली नव्हती, गळ्यावर काही आवळलेलं नव्हतं. परत पायाशी आले. आकडा उतरायला लागला.

"आता?" मी विचारलं.

"थांब."

विराज एरवी कामाच्या वेळी गाणी गुणगुणतो, आज तेही बंद. मी आकड्याकडे बघत होते आणि मनात मला काय आठवत होतं, तर धोंडाबाईंचं "मी बोलंन दोगांचं".

"बसला खाली," विराज म्हणाला. "छान मऊ झालाय. काय केलंस?"

"पाणी बंद केलं."

"काय?"

"काही नाही. तू तुझं काम कर."

त्याने केलं. आणि फार सुंदर केलं, हे मला मान्य करायलाच हवं. गाठ आवरणापासून सोडवली, पोखरून लहान केली, शेवटचा तुकडा बोलण्याच्या भागाला चिकटून बसला होता, तो पाण्याच्या थेंबाथेंबाने सुटा केला. मी जागची हलले नाही. चहाही प्यायले नाही, हे भोरच्या काकूंसाठी लिहून ठेवते.

टाके झाल्यावर मी औषध थांबवलं. ही वेळ माझी आवडती. थोड्या वेळात पापण्या हलल्या, श्वास स्वतःचा आला, नळी काढली. त्यांना बाहेरच्या खोलीत घेतलं. विराज हातमोजे काढून खाटेपाशी आला. त्याचा चेहरा ओढलेला होता.

"काका, डोळे उघडा. उजवा हात उचला." उचलला. "नाव काय तुमचं?"

"चिमाजी." घोगरा आवाज, पण स्पष्ट.

मी सिस्टरचा हात दाबला. पण विराज म्हणाला, स्वतःचं नाव तोंडात बसलेलं असतं, त्यावरून कळत नाही. आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला. "काका, तुमच्या बायकोचं नाव सांगा."

चिमाजींनी नजर फिरवली.

"बायकोचं नाव, काका."

"मंगलची आय."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

चिमाजींनी छताकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. "घरातली," ते म्हणाले. मग "आमची ही." मग डोळेच मिटून घेतले.

विराज मला बाजूला घेऊन गेला. "माणूस ओळखतोय, पण नाव सापडत नाहीये. तो शेवटचा तुकडा मी ठेवायला हवा होता."

मलाही शंका आली. मेंदू वर आला होता तेवढ्या वेळात तर काही झालं नसेल? पडद्याआड मंगल उभी होती, तिने सगळं ऐकलं आणि ती धावत बाहेर गेली. "आय, आप्पांना तुजं नाव येत न्हाई गं!" हा तिचा आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

मी परत वळून चिमाजींकडे पाहिलं. त्यांनी एक डोळा उघडून मी आहे का बघितलं आणि परत मिटला. कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"विराज," मी म्हटलं, "तू महामूर्ख आहेस."

"काय?"

"अरे, हे हिर्डोशीचे आहेत. साठीचे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, का तर त्याचं आयुष्य कमी होतं. आणि नवरा बायकोचं घेत नाही ते निव्वळ लाजून. त्यात इथे दोन परक्या बायका उभ्या." मी खाटेपाशी गेले. "काका, तुमच्या खाचरांची नावं सांगा बघू. वरून खाली."

डोळे टक्क उघडले. "टेपाडाचं," चिमाजी म्हणाले. "त्याखाली जांभळीचं. मंग वाकडं. मंग लांबडं, त्ये भावाकडं गेलं. मंग व्हढ्याचं, त्यात पानी लई थांबतं, तितं रायभोग लावत न्हाई आमी, इंद्रायनी लावतो. तुमी कवा आला का तिकडं? या की. पावसाळ्यात येऊ नका, रस्ता खचतोय…"

विराज मटकन स्टुलावर बसला. तो हसत होता, आणि डोळे पुसतही होता, आणि मी ते बघितलं नाही असं दाखवत होता. चिमाजी बोलत होते. वर्षभराचं साठलेलं होतं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि धोंडाबाई आत आल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. तोंड पांढरंफटक, पदर डोक्यावरून निसटलेला. त्या खाटेच्या पायाशीच थांबल्या, पुढे येईनात. चिमाजींचं बोलणं थांबलं.

मी सांगायला तोंड उघडलं की मावशी, सगळं ठीक आहे. पण धोंडाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"मला वळखलं न्हाई तुमी?" त्यांनी विचारलं. आवाज फुटला होता. "मी कोन हाय, त्येबी गेलं?"

चिमाजींनी माझ्याकडे बघितलं, विराजकडे, सिस्टरकडे, दारात उभ्या मंगलकडे. मग बायकोच्या ओल्या तोंडाकडे बघितलं आणि चांगलं खणखणीत म्हणाले, "धोंडाबाई."

धोंडाबाईंनी झटक्यात पदर तोंडाला लावला. कपाळापर्यंत लाल झाल्या. "आवो, हळू! लोकं हायती! लेक उबी हाय दारात! लाज न्हाई वाटत?" त्या रागावल्या, रागावताना हसल्या, हसताना रडल्या आणि खाटेचा कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग त्या वाकल्या आणि आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण आम्हाला ऐकू गेलंच, म्हणाल्या, "परत म्हना."